टिपळू, झरकोळे आणि परासरण

गेल्या वर्षी विज्ञान-शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही फळ्यावर पुढील उतारा लिहिला.

'टिपळू रोज सकाळी चिमाळ झरकोळे फुमटवतो. फुमटवलेल्या झरकोळ्यांपासून लिंदूळ तयार होते. लिंदूळ निवले की टिपळू ते घोसकीत भरतो.'

उताऱ्याखाली चार प्रश्न दिले. टिपळू कोणत्या प्रकारचे झरकोळे फुमटवतो? लिंदूळ कशापासून तयार होते? लिंदूळ कशात भरतात? टिपळू ते केव्हा भरतो? पाच मिनिटांत सर्वांची उत्तरे लिहून झाली आणि सर्वांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. मग पाचवा प्रश्न घातला : 'एखाद्या दिवशी झरकोळे ओले असतील तर लिंदूळ कसे होईल?' सभागृहात एकदम शांतता पसरली.

थोड्या वेळाने मागच्या बाकावरील एक बाई म्हणाल्या, "सर, पहिले चार प्रश्न आमच्या घटक चाचणीसारखेच आहेत. मग आमच्या मुलांना गुण मिळतात ते नेमके कशाचे?"

हा लेख त्या प्रश्नावर आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला इंग्रजी भाषेत मुद्दाम घडवलेल्या निरर्थक शब्दांची फार मदत झाली. वरवर पोरखेळ वाटणारे हे शब्द गेली दीडशे वर्षे साहित्यिक, मानसशास्त्रज्ञ, भाषाशास्त्रज्ञ आणि पदार्थवैज्ञानिक निरनिराळ्या कामांसाठी वापरत आले आहेत. ते कोठे उपयोगी पडले आणि कोठे त्यांचा गैरवापर झाला, हे पाहण्यासारखे आहे.

गणितज्ञाची गंमत

या शब्दांचा सर्वांत प्रसिद्ध कारागीर म्हणजे लुईस कॅरल. त्याचे खरे नाव चार्ल्स डॉजसन. तो ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवत असे. १८७१ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास' या पुस्तकात 'जॅबरवॉकी' नावाची एक कविता आहे. तिच्यातील बरीचशी नामे, विशेषणे आणि क्रियापदे कोणत्याही कोशात नव्हती. गोष्टीतली अ‍ॅलिस ती वाचते तेव्हा तिच्या डोक्यात काहीतरी भरून येते, पण काय ते तिला सांगता येत नाही. मात्र कोणीतरी कोणालातरी मारले, एवढे तिला नक्की कळते.

हे तिला कसे कळले? कॅरलने मोडतोड केली ती फक्त अर्थ वाहणाऱ्या शब्दांची. वाक्य बांधणारे छोटे शब्द, क्रियापदांचे काळ, शब्दांचा क्रम हे सारे त्याने अस्सल इंग्रजीच ठेवले. आमच्या उताऱ्यातही 'रोज सकाळी', 'पासून', 'तयार होते', 'की' हे खरे मराठी शब्द आहेत. शिबिरातील एकानेही 'झरकोळांपासून' असे लिहिले नाही. सर्वांनी 'झरकोळ्यांपासून' असेच लिहिले. जो शब्द जन्मात ऐकला नाही त्याचे सामान्यरूप प्रत्येकाला अचूक येत होते. याचाच अर्थ असा, की वाक्याचा सांगाडा शाबूत असेल तर अर्थ नसतानाही प्रश्न विचारता येतात आणि त्यांची बरोबर उत्तरेही देता येतात.

कॅरलच्या काही शब्दांचे पुढे भाग्य उजळले. खुदकन पण मोठ्याने हसण्यासाठी 'चॉर्टल' आणि धावडधिंगा करत जाण्यासाठी 'गॅलम्फ' हे त्याचे शब्द आज इंग्रजी शब्दकोशांत आहेत. लोक ते वापरू लागले, म्हणून त्यांना अर्थ आला. कॅरलच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपण गंमत करत आहोत हे त्याने कधी लपवले नाही. वाचकाला काही कळत नाही, याची त्याने पात्राच्या तोंडून कबुलीच दिली. आपल्या पाठ्यपुस्तकांत अशी कबुली देणारी अ‍ॅलिस नसते.

'वग' आणि 'टॅस'

१९५८ साली जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने निरर्थक शब्दांना प्रयोगशाळेतल्या उपकरणाचा दर्जा दिला. चार ते सात वर्षांच्या मुलांना ती स्वतः काढलेली चित्रे दाखवी. एका चित्रात पक्ष्यासारखा एक प्राणी होता. 'हा एक वग आहे,' असे सांगून ती पुढचे चित्र दाखवी. त्यात तसेच दोन प्राणी असत. 'आता हे दोन झाले. हे दोन...?' असे म्हणून ती थांबे, आणि मूल वाक्य पुरे करी. 'वग' म्हटले की आपल्याला तमाशातला वग आठवेल. पण इंग्रजीत या शब्दाला काहीच अर्थ नव्हता. त्यामुळे त्याचे अनेकवचन मुलांनी आधी कोठे ऐकलेले असणे शक्य नव्हते. तरीही सुमारे ९१ टक्के मुलांनी ते बरोबर केले.

मुले भाषा केवळ ऐकून पाठ करत नाहीत, तिच्यातले नियम ती स्वतः शोधून काढतात, असा निष्कर्ष या प्रयोगातून निघाला. तो आता पाठ्यपुस्तकांतही आला आहे. पण शिक्षकांच्या दृष्टीने त्याच शोधनिबंधातली दुसरी एक जोडी आम्हाला अधिक मोलाची वाटते. इंग्रजीत 'स'कारान्त शब्दांचे अनेकवचन थोडे निराळे होते; 'ग्लास'चे 'ग्लासेस' होते. हे ओळखीचे अनेकवचन ९१ टक्के मुलांनी बरोबर सांगितले. मग त्याच धाटणीचा बनावट शब्द 'टॅस' दिला. 'टॅसेस' असे म्हणणारी मुले निघाली अवघी ३६ टक्के.

या दोन आकड्यांपाशी थोडे थांबू या. बर्कोने केवळ 'ग्लास' विचारून प्रयोग संपवला असता, तर मुलांना हा नियम येतो असे तिने खुशाल लिहिले असते. प्रत्यक्षात त्यांतील बऱ्याच मुलांना 'ग्लासेस' हा एक शब्द येत होता, नियम येत नव्हता. ओळखीच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दोन वाटांनी येऊ शकते. एक वाट समजुतीची, दुसरी पाठांतराची. उत्तरपत्रिकेत दोन्ही सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या करायच्या तर मुलाने कधीच न पाहिलेली गोष्ट त्याच्यासमोर ठेवावी लागते. निरर्थक शब्दाचे वैज्ञानिक मोल आहे ते एवढेच, आणि ते थोडे नाही.

आता आपल्या विज्ञानाच्या तासाकडे येऊ. 'मनुका पाण्यात टाकल्यावर का फुगतात?' हा आपला 'ग्लास' आहे. 'परासरणामुळे' हे उत्तर वर्गातली बहुतेक मुले देतात. या धड्यातला 'टॅस' कोणता? आम्ही काही वर्गांत विचारून पाहिले : 'लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना नुसते मीठ लावून ठेवले तर त्यांना पाणी का सुटते?' प्रत्येक घरी दर उन्हाळ्यात घडणारी ही गोष्ट आहे. मनुकांबद्दल धडाधड बोलणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांना परासरणाची आठवण झाली. एक मुलगा म्हणाला, "ते परासरण नाही सर, ते लोणचं आहे." या उत्तरावर हसू नये. मुलाने आपल्याला प्रामाणिकपणे सांगितले आहे, की त्याच्या लेखी परासरण हा शब्द मनुकांचे दुसरे नाव आहे.

वाकालिक्सेसची कसोटी

बर्कोचे उपकरण विद्यार्थ्याची परीक्षा घेते. पुस्तकाची परीक्षा घेण्याचे उपकरण रिचर्ड फाइनमन या पदार्थवैज्ञानिकाने सुचवले. १९६० च्या दशकात ते कॅलिफोर्निया राज्याच्या पाठ्यपुस्तके पारखणाऱ्या समितीवर होते. या अनुभवांविषयी त्यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहिले आहे. विज्ञानाच्या एका पुस्तकाची सुरुवात चित्रांनी होत होती : चावीचे खेळणे, मोटारगाडी, सायकलवरचा मुलगा. प्रत्येक चित्राखाली एकच प्रश्न होता, हे कशामुळे चालते? फाइनमन यांना वाटले, आता स्प्रिंग, इंजिन, स्नायू यांची मजेदार चर्चा येणार. उत्तर मात्र सगळीकडे एकच होते : ऊर्जेमुळे. त्यावर त्यांनी 'वाकालिक्सेस' असा एक अगदी निरर्थक शब्द बनवला आणि विचारले, की वाकालिक्सेसमुळे चालते असे म्हटले तर काय बिघडेल? मुलाच्या हाती पहिल्या उत्तरातून जेवढे पडले, तेवढेच दुसऱ्यातूनही पडते.

ही कसोटी आपण आपल्या उत्तरांना लावून पाहू. वरच्या उताऱ्यातूनच एक नवा शब्द घेऊ, 'फुमटण'.

मनुका पाण्यात का फुगतात? फुमटणामुळे.

मूळ उत्तरातून 'परासरण' काढून 'फुमटण' घातले, तरी काहीच हरवले नाही. तेव्हा त्या उत्तरात मुळात काही नव्हतेच. आता दुसरे उत्तर पाहा : 'मनुकेची साल पाण्याला सहज वाट देते, साखरेला फारशी देत नाही. आत साखरेचा दाट पाक आहे, बाहेर निव्वळ पाणी. अशा वेळी दाट द्रावणाच्या बाजूला पाणी अधिक जाते, म्हणून मनुका फुगते. या क्रियेला आपण फुमटण म्हणू.' नाव तेच निरर्थक, पण हे उत्तर तग धरते. एवढेच नव्हे, तर त्याच्या आधारे कैरीचेही सांगता येते. तेथे मीठ बाहेर आहे, म्हणून पाणी फोडींतून बाहेर येते. मुरांबा वर्षभर का टिकतो, याचाही धागा येथेच लागतो. दाट पाकात पडलेल्या सूक्ष्मजीवाच्या पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते आणि त्याची वाढ खुंटते.

बसला अचानक ब्रेक लागला की उभे प्रवासी पुढे का झुकतात? 'जडत्वामुळे.' जडत्व म्हणजे काय? 'वस्तू आपली स्थिती आपणहून बदलत नाही तो गुणधर्म.' आणि ती का बदलत नाही? 'जडत्वामुळे.' येथेही फुमटण घालून पाहावे. मोलिएर या फ्रेंच नाटककाराने १६७३ सालीच या प्रकाराची टर उडवली होती. त्याच्या नाटकातला होऊ घातलेला वैद्य सांगतो, की अफूत झोप आणण्याची शक्ती असते, म्हणून अफूने झोप येते. परीक्षक मंडळी त्याला खुशीने उत्तीर्ण करतात!

फाइनमन यांच्या या कसोटीवर आमचा एक आक्षेप मात्र आहे. ती ऐकून काही मंडळी समजतात, की ऊर्जा, बल, जडत्व हे शब्दच पोकळ आहेत. तसे नाही. एक किलो वस्तुमानाची वस्तू एक मीटर उचलायला सुमारे ९.८ ज्यूल ऊर्जा लागते, आणि ती खाली पडली की तेवढ्याच ऊर्जेचा हिशेब दुसऱ्या रूपात लावता येतो. वाकालिक्सेसचा असा जमाखर्च कोणालाच मांडता येणार नाही. तेव्हा दोष शब्दाचा नसतो. शब्द ज्या वाक्यात वापरला आहे ते वाक्य काही सांगते की नाही, एवढेच ही कसोटी दाखवते. त्याच पुस्तकात पुढे ऊर्जा मोजली जात असेल, तर तेथे तोच शब्द भरीव होतो.

नाव मागून येते

शास्त्रज्ञसुद्धा निरर्थक शब्द बनवतात. गणितज्ञ एडवर्ड कॅसनर यांच्या नऊ वर्षांच्या भाच्याने एकावर शंभर शून्ये असलेल्या संख्येला 'गूगॉल' असे नाव सुचवले. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकामुळे ते जगभर पसरले. १९६४ मध्ये मरे गेलमन यांनी प्रोटॉनसारख्या कणांच्या घटकांना 'क्वार्क' म्हटले. जेम्स जॉइसच्या 'फिनेगन्स वेक' या दुर्बोध कादंबरीतून त्यांनी शब्दाचे ते रूप उचलले होते. क्वार्क हा शब्द ऐकून त्या कणाविषयी काहीच कळत नाही, आणि कोणाचे त्यावाचून अडतही नाही. त्या कणाचा विद्युतभार किती, तो कोणत्या कणांत कसा बांधलेला असतो, हे सांगितले की शब्दाचे काम झाले. हातात वस्तू असली, की तिला कोणतेही नाव चालते.

आपल्याकडच्या एका जुन्या वादावर यामुळे थोडा प्रकाश पडतो. मराठी पारिभाषिक शब्द जड आहेत, म्हणून मुलांना विज्ञान कळत नाही, असे पालक सांगतात. या एका कारणाने मूल इंग्रजी माध्यमात घातल्याचे सांगणारेही आम्हाला भेटतात. पण 'ऑस्मॉसिस' हा शब्द ग्रीक मुळावरून घडवलेला आहे. लंडनमधल्या बारा वर्षांच्या मुलालाही तो पहिल्या दिवशी 'वग'इतकाच अनोळखी असतो. 'परासरण' निदान 'पसरणे' या ओळखीच्या शब्दाशेजारी जाऊन बसते. काही मराठी संज्ञा विनाकारण बोजड आहेत हे खरे, आणि त्या बदलल्याच पाहिजेत. पण मनुका आणि कैरी या दोन्हींतून जो गेला नाही, त्याला ऑस्मॉसिस म्हटल्याने काही जास्त कळणार नाही.

आपण उलटे करतो

निरर्थक शब्द पाठ केले तर ते किती टिकतात, हेसुद्धा मोजून झालेले आहे. जर्मनीतल्या हेर्मान एबिंगहाउस यांनी सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले आणि त्यांच्या याद्या स्वतःच पाठ करून पाहिल्या. १८८५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. यादी पुन्हा पाठ करताना मूळच्या श्रमांपैकी किती वाचतात, हे त्यांचे माप होते. एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश श्रम वाचत, ३१ दिवसांनंतर सुमारे एक पंचमांश. तुलनेसाठी त्यांनी बायरनच्या काव्यातली कडवीही पाठ केली. तेवढ्याच लांबीच्या निरर्थक यादीला जेवढे श्रम पडत, त्यांच्या सुमारे एक दशांशात कडवी पाठ झाली. प्रयोग एकाच माणसावर केलेला होता, तेव्हा आकडे जसेच्या तसे सर्वांना लावू नयेत. परंतु पाठ करायच्या मजकुराला अर्थ असेल तर केवढा फरक पडतो, हे त्यातून दिसते.

एबिंगहाउस यांनी अर्थ मुद्दाम काढून टाकला होता, कारण त्यांना नुसती स्मृती मोजायची होती. आपण मात्र परासरण, संवेग, अपस्करण असे शब्द मुलांसमोर अनुभवाशिवाय ठेवतो, म्हणजे अर्थ असलेल्या शब्दांचे झरकोळे करतो, आणि ते पाठ करायला सांगतो. मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर विसरतात. आपण म्हणतो, मुले अभ्यास करत नाहीत. आमच्या मते त्यांनी दहापट अभ्यास केलेला असतो. पण तो चुकीच्या वस्तूचा.

उपकरण बोथट होते तेव्हा

येथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची एक वाचन-चाचणी सर्वत्र घेतली जाते. तिच्यात ४० शब्द मोठ्याने वाचायचे असतात आणि त्यांतले २० बनावट असतात. त्यांच्याशेजारी काल्पनिक प्राण्याचे चित्र असते. मुलाला अक्षरांवरून उच्चार करता येतो, की शब्दाचा चेहरा पाहून ते तो ओळखते, हे पाहण्याचा हेतू बर्कोच्याच जातीचा आणि अगदी योग्य आहे. पहिल्या वर्षी ५८ टक्के मुले अपेक्षित पातळी गाठू शकली. २०१९ मध्ये ८२ टक्के.

यातली काही प्रगती खरी असेल. पण चाचणीवर शाळेची प्रतिष्ठा अवलंबून राहिली, की बनावट शब्दांचाच सराव सुरू होतो. मग मूल वाचायला शिकले की बनावट शब्द वाचायला शिकले, हे त्या टक्केवारीवरून सांगता येत नाही. सुरुवातीला ३२ ही किमान गुणांची रेषा शिक्षकांना आधीच ठाऊक होती. त्या निकालांत ३१ गुणांची मुले फार थोडी आणि ३२ गुणांची मुले एकाएकी पुष्कळ निघाली. पुढे ही रेषा चाचणीनंतर जाहीर होऊ लागली. गुण देणारी माणसे तुमच्या-आमच्यासारखीच होती, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

निरर्थक शब्दाचे बळ त्याच्या नवेपणात आहे. सराव झालेला 'टॅस' हा पुन्हा 'ग्लास'च होतो. म्हणून आमचा कैरीचा प्रश्न कोणी मार्गदर्शक पुस्तकात 'हमखास येणारा प्रश्न' म्हणून छापला, तर त्या दिवसापासून तो निकामी झाला असे समजावे. असे प्रश्न वरून छापून येऊ शकत नाहीत. ते ज्या त्या शिक्षकाने, आपल्या गावातल्या शेतीवरून, स्वयंपाकघरावरून, कामधंद्यावरून दर वर्षी नवे काढायचे असतात.

वर्गात करून पाहण्यासाठी दोन गोष्टी सुचवतो. पहिली : एखादा धडा संपला की त्यातली मुख्य संज्ञा फळ्यावरून पुसून टाका, तिच्या जागी मुलांनाच एक निरर्थक शब्द बनवू द्या, आणि त्या शब्दाने धड्यातल्या प्रश्नांची उत्तरे लिहायला सांगा. ज्यांची उत्तरे फक्त नावावर उभी होती, त्यांना ते आपोआप कळेल. मुलांना हा खेळ आवडतो, आणि त्यात नापास कोणीच होत नाही. दुसरी : प्रत्येक चाचणीत एकच प्रश्न असा घाला, की ज्याचे उदाहरण पुस्तकात नाही आणि तुम्हीही वर्गात दिलेले नाही. त्याचे गुण वाटल्यास धरू नका. पण उत्तरे नीट वाचा.

शिबिरातल्या त्या बाईंनी पुढे आम्हाला पत्र लिहिले. त्यांनी आठवीच्या वर्गात हा एक प्रश्न घालायला सुरुवात केली होती. पहिल्या खेपेला ४२ पैकी ५ मुलांना उत्तर सुचले. 'निकाल वाईट आहे,' असे त्यांनी लिहिले होते, 'पण मला काय शिकवायचे राहिले आहे, ते प्रथमच कळले.' पुढच्या खेपेचा आकडा त्यांनी अजून कळवलेला नाही. आम्ही वाट पाहत आहोत.